तिसऱ्या क्रमांकाची हॅट

सोमवार, ४ मार्च

ही वही पडद्यांच्या दुकानातली. मालकांनी मापांसाठी नव्या वह्या आणल्या, तेव्हा जुनीतल्या कोऱ्या पानांचं काय करू विचारलं. "घेऊन जा, किराण्याच्या याद्या लिही," म्हणाले. आम्ही दोघी बहिणी, दोघींचं मिळून सामान ते किती? तोंडपाठ असतं. म्हणून रोजनिशी लिहायला घेतली. किती दिवस टिकते बघू.

आजच सुरू करायचं कारण म्हणजे ताईच्या कचेरीचं पत्र. ताई वीस वर्षं नदीची पातळी मोजते. मोजायची. नदीच्या पायऱ्यांशी पाण्यात आकड्यांची एक पट्टी रोवलेली आहे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी बघायचं, वहीत मांडायचं आणि कचेरीला फोन करायचा. चौदा महिन्यांपूर्वी तिला उन्हाचा आजार जडला. आजाराचं खरं नाव लांबलचक आहे, मला ते अजून धड म्हणता येत नाही. ऊन लागलं की तोंडावर आणि मानेवर चट्टे उठतात, ताप भरतो, सांधे धरतात. तेव्हापासून ती घरात. खिडक्यांना मी ब्लॅकआउटचं अस्तर लावलेले पडदे केलेत. दुकानात असे पडदे मी सिनेमाच्या हॉललाही शिवलेत, पण इतकं मन लावून नाही.

पत्रात दोन ओळी आहेत. १५ एप्रिलला कामावर रुजू व्हा, नाहीतर आजारपणाची निवृत्ती घ्या.

ताईनं पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि चहाच्या कपाखाली ठेवलं. "टाचणे," म्हणाली (तोंडात कायम टाचण्या धरते म्हणून लहानपणापासून मी टाचणी), "मला एक हॅट शिवून दे."

"छत्री आहे की."

"एका हातात वही, एका हातात कठडा. छत्री काय दातात धरू?"

स्कार्फ गुंडाळून बघितलाय तिनं मागे. गुदमरायला होतं आणि पायाखालची पायरी दिसत नाही. इस्पितळातून मिळालेली टोपी आहे, ती घातली की माणूस तापात बर्फाची पिशवी डोक्यावर घेऊन निघाल्यासारखं दिसतं. ताई म्हणाली, "मी कामाला निघाले आहे असं दिसलं पाहिजे. इस्पितळातून पळाले आहे असं नाही. झोकदार हवी."

मी म्हटलं, बघू.

बुधवार, ६ मार्च

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो, दिवे लागल्यावर. त्या म्हणाल्या, पूर्ण बाह्या, मलम आणि चेहऱ्यामानेवर नीट सावली एवढं सांभाळलं तर थोड्या वेळाच्या फेऱ्यांना हरकत नाही. ताईचे डोळे लकाकले.

पण नीट म्हणजे किती नीट, हे बाई बोलल्या नाहीत. ते आता मलाच शोधून काढावं लागणार.

शनिवार, ९ मार्च

पहिली हॅट. काय झालं ते लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीपुढे कसली लाज.

पडदेवाली बाई खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेते, चुण्या पडायला. बावीस वर्षं हाताला हीच सवय. ताईचं डोकं मोजलं साडेबावीस इंच आणि हातानं आपोआप पंचेचाळीस इंच कापलं. शिवून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. हॅट ताईच्या नाकावरून खाली आली आणि हनुवटीवर थांबली. आतून आवाज आला, "पडदा छान आहे. दोरी कुठली ओढायची?"

दोघी इतक्या हसलो की शेजारची दातांची डॉक्टर भिंतीवर ठोकायला लागली. असं हसून किती दिवस झाले होते, मोजायला हवे.

मंगळवार, १२ मार्च

दुसरी हॅट ब्लॅकआउटच्या कापडाची. माझा तर्क असा, की जे कापड सिनेमाच्या हॉलात अंधार करतं ते ताईच्या नाकावर सावली करेलच. सावली केली. पण त्या कापडाला श्वास नाही. अर्ध्या तासात, तेही घरातल्या घरात, ताईच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. "आतमध्ये अंडं उकडेल," म्हणाली. ही हॅट बाद.

कापडातून ऊन किती आत शिरतं हे मोजायचं कसं? दिवसभर हाच किडा डोक्यात. दुकानाच्या दर्शनी खिडकीत मागे एक निळा कार्डकागद लावला होता, भाव लिहायला. चार दिवसांत त्याचा रंग उडाला, फक्त पडद्याचं टोक त्याच्यावर आलं होतं तेवढा तुकडा निळाच राहिला. हे आठवलं आणि मी हातातली कात्री खाली ठेवली. मालकांना वाटलं बोट कापलं.

गुरुवार, १४ मार्च

निळ्या कागदाचा गठ्ठा आणला. गच्चीवर कागद मांडले आणि प्रत्येकावर वेगळ्या कापडाचा तुकडा, चारी कोपऱ्यांना दगड. सकाळी कामाला जाण्यापूर्वी मांडले, संध्याकाळी उचलले. पातळ सुती पांढरं कापड म्हणजे नुसती समजूत. खाली कागद पार उडालेला. तेच कापड ओलं करून ठेवलं तर आणखी वाईट. (घामानं ओली झालेली पांढरी टोपी काय कामाची, सांगा!) घट्ट विणीचं गडद सुती मात्र सरस निघालं. पाठच्या घराच्या बैठकीतल्या पडद्यांचं उरलेलं मोरपंखी कापड आहे, त्याच्याखालचा कागद जसाच्या तसा.

ताई जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून बघत होती. "शाळेत प्रयोगवहीत शून्य होतं तुला."

"शाळेत कुणी कात्री हातात दिली नव्हती."

शनिवार, १६ मार्च

मातीचा जुना माठ पालथा घातला, निळ्या कागदाचं नाक, गाल, हनुवटी चिकटवली. तिला आम्ही मावशी म्हणतो. मावशीच्या डोक्यावर तिसऱ्या क्रमांकाची हॅट चढवली. मोरपंखी, डोक्यावर बसणारी वाटी उंच, कड वीतभर, मागे मानेवर जरा जास्त उतरती. कडेच्या खालच्या अंगाला मोत्याच्या रंगाचं पांढरं सॅटीन लावलं, आतून चेहरा उजळ दिसावा म्हणून. मावशी इतकी झोकात दिसायला लागली की दातांची डॉक्टर गच्चीवर कपडे वाळत घालायला आली ती तिथेच थांबली. म्हणाली, मलाही एक करून द्या, मी रविवारी होडीत जाते.

म्हणजे मला गिऱ्हाईक मिळालं, ताईला हॅट मिळायच्या आधी.

रविवार, १७ मार्च

मावशीची हनुवटी उडाली! नाक ठीक, कपाळ ठीक, हनुवटी आणि गालांची खालची बाजू फिकट. सूर्य तर वर आहे. माठाभोवती तीन फेऱ्या मारल्या. हॅटला भोक नाही, शिवण उसवलेली नाही. मग ऊन आलं कुठून?

ताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "खालून. नदीवर पाणी खालून मारतं. ऊन वरून एकदा, पाण्यावरून एकदा. तू गच्ची पांढरी रंगवून घेतलीस ना गेल्या वर्षी?"

आणि ते वर उसळलेलं ऊन कडेखालच्या माझ्या सुंदर पांढऱ्या सॅटीनवर आपटून सरळ तोंडावर! हौसेनं आरसा शिवला होता मी. वीस वर्षं जे ताईला माहीत होतं ते मला माठानं शिकवलं.

सॅटीन उसवलं. खाली गडद, जवळजवळ काळं, बिनचकाकीचं अस्तर लावलं.

बुधवार, २० मार्च

तीन दिवस मावशी उन्हात, समोर पाण्याची परात ठेवून. हनुवटी निळी, गाल निळे. प्रत्येक हॅटला आता मी दोन निळ्या पट्ट्या टाचते. एक बाहेर, वाटीच्या फितीत अर्धी दिसेल अशी, आणि एक कडेच्या खालच्या अंगाला, चेहऱ्याच्या बाजूनं. बाहेरची सांगते ऊन किती खाल्लं, आतली सांगते चेहऱ्यापर्यंत किती पोचलं. मूळ कागदाचा तुकडा माझ्या खणात अंधारात ठेवलाय, ताडून बघायला. मला स्वतःचाच हेवा वाटतोय.

ताईनं तिसरी हॅट घालून आरशात बघितलं. डावीकडून, उजवीकडून. मग उगाच कोपऱ्यातली वही उचलून काखेत मारली आणि पुन्हा बघितलं. "हीच," म्हणाली. "उद्या गच्चीवर घालून फिरते थोडी."

मी म्हटलं, घाई नको. उजवीकडची कड दोन धागे वर आहे. मावशी बोलत नाही म्हणून बरं, तू मात्र आजारी पडशील.

"दोन धागे?"

"दोन धाग्यांतूनच ऊन शिरतं."

तिसरी हॅट काढून मी कपाटावर ठेवली. चौथी करायला घेते.

शनिवार, २३ मार्च

दातांच्या डॉक्टरची हॅट दिली. तिच्या दोन मैत्रिणींच्या मागण्या आल्या. आणि एका पोहण्याच्या तलावावरच्या शिक्षिकेची. मालक म्हणाले, दुकानाच्या खिडकीत एक ठेवू या का? कानामागून आली आणि तिखट झाली असं पडदे म्हणतील.

चौथी हॅट ताईला छान बसली, पण वाटीत हवा कमी खेळते असं मला वाटलं. ताई म्हणाली, तिला तसं वाटत नाही. तिला काय कळतंय, चौदा महिने पंख्याखाली बसून? तिनं पुन्हा गच्चीचा विषय काढला. मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात माझं काय चुकलं? त्या दिवसाबद्दल मला इथे लिहायचं नाही.

बुधवार, २७ मार्च

तिसरी हॅट कपाटावर नाही. सगळं घर पालथं घातलं. दातांच्या डॉक्टरच्या मैत्रिणींच्या पिशवीत चुकून गेली असणार. त्यांना विचारलं, नाही म्हणाल्या. पण कुणी कबूल करेल का, एक जास्तीची मिळाल्यावर? ताईला विचारलं, तर तिनं इतकं शांतपणे "मी कशाला घेऊ, दोन धागे वर आहे ना ती" असं म्हटलं की मलाच वाईट वाटलं.

जाऊ दे. पाचवी तिच्यापेक्षा सरस करीन.

शुक्रवार, २९ मार्च

ताईची बुद्धी भारी आहे, हे मान्य करायला हवं. घरात बसून तिला बारीकसारीक सुचतं. आज म्हणाली, "वाऱ्यात कड उलटी होते, समोरून."

"कुठल्या वाऱ्यात?"

तिनं वर छताकडे बघितलं. "पंख्याच्या."

खरंच, पंखा पाचवर ठेवला की होत असेल. पडद्याच्या खालच्या काठात झोल नीट पडावा म्हणून आम्ही शिशाच्या मण्यांची बारीक साखळी घालतो. तीच पाचव्या हॅटच्या कडेत शिवली. आता वादळ आलं तरी हलणार नाही.

मागच्या दारी ताईच्या चपला ओल्या दिसल्या, तळाला वाळूही होती. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय वाटतं. नळवाल्याला सांगायला हवं.

सोमवार, १ एप्रिल

पाचवी बाद. ताई म्हणाली, मान गळून पडते. "खाली वाकून आकडा वाचायचा तर ही हॅट मला घेऊन सरळ पाण्यात." साखळी काढली. मग म्हणाली, हनुवटीखाली पट्टा दे आणि वाटीला डाव्या बाजूला एक लहान बिरडं दे, पेन्सिल खोचायला. पट्टी वाचताना पेन्सिल तोंडात धरावी लागते. लागायची, म्हणाली.

घरात बसून तिला सगळं इतकं स्पष्ट दिसतं याचं मला नवल वाटतं. जेवताना म्हणाली, पट्टीवरचा दीड मीटरच्या खालचा रंग खरवडला गेलाय, नवा द्यायला हवा. चौदा महिन्यांपूर्वीचं अजून लक्षात आहे हिच्या!

तिच्या जागेवर जो बदलीचा माणूस आहे तो बाजारात भेटला. गुडघे धरलेत त्याचे, पायऱ्या उतरताना देव आठवतो म्हणाला. मला बघून जरा गडबडला आणि उगाचच म्हणाला, "तुमच्या ताईंची तब्येत झकास आहे हं." मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक? म्हणाला, "फोनवर आवाजावरून." सज्जन आहे बिचारा.

नळवाला येऊन गेला. नळ ठीक आहे म्हणतो. नाचता येईना अंगण वाकडं.

शुक्रवार, ५ एप्रिल

सहावीचा पट्टा हनुवटीखाली काचत होता, म्हणून ही सातवी हॅट. अप्रतिम आहे. पट्टा, पेन्सिलचं बिरडं, वाटीला दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या हवा खेळायला, कड पडली तरी पुन्हा उठणारी. पट्ट्या आठवडाभर तपासल्या पाहिजेत. ताईला सांगितलं, निदान पंधरा दिवस.

"पंधरा तारखेला रुजू व्हायचंय. आज पाच आहे."

"मग निवृत्ती काय वाईट आहे? मी आहे की. पडदे आहेत, आता हॅट्सही आहेत. तू शिवणीत मदत कर. पेन्सिलच्या बिरड्यासारखं सुचत जाईल तुला."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागानं नाही. पाण्याची पातळी बघावी तसं, आकडा नक्की ठरेपर्यंत. मग उठून भांडी घासायला गेली, माझी पाळी असताना.

मला ती घरात हवी आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. संध्याकाळी दार उघडलं की आतून "आलीस?" असं येतं. आई गेल्यापासून सहा वर्षं मी कुलूप उघडून घरात यायची. ताई तेव्हा पायऱ्यांवर असायची.

सोमवार, ८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी ताईच्या मानेवर भिंग धरलं, गालांवर धरलं. एकही चट्टा नाही. बाई म्हणाल्या, फार छान, आणि चेहऱ्यावर रंगही आलाय, काय करता तुम्ही? ताई माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, घरात ठेवतो नीट. बाई "हं" म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहून ताईच्या हातात दिलं, माझ्या नाही.

आता इतकं छान चाललंय तर मुद्दाम उन्हात जायचं कशाला? हे मी वाटेत बोलले. ताई म्हणाली, "टाचणे, आज काही बोलू नकोस."

शुक्रवार, १२ एप्रिल

आज अक्षर वाकडं येईल.

दुकानात वीज गेली म्हणून मालकांनी दुपारीच सोडलं. घरी आले तर ताई न्हाणीघरात होती. मनात आलं, तिच्या कचेरीची जुनी खाकी पिशवी धुऊन, तुटलेला पट्टा शिवून, नीट घडी घालून ठेवावी. सोमवारी निवृत्तीचा कागद दिला की ती लागणार नव्हती. मी हे सगळं ठरवूनच टाकलं होतं, हे आत्ता लिहिताना दिसतंय.

पिशवीत तिसऱ्या क्रमांकाची हॅट होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कडेला पाण्याचे वाळलेले डाग, पट्टा म्हणून माझ्याच खणातली पडद्याची फीत, आणि डाव्या बाजूला सुतळीचं एक ओबडधोबड बिरडं. त्यात पेन्सिल. खाली तिची मोजणीची वही. २५ मार्चपासून रोज, दुपारी बारा, तिच्या अक्षरात.

आधी मी पट्ट्या बघितल्या. लाज वाटते, पण आधी तेच केलं. बाहेरची पट्टी राखेसारखी पांढरी झाली होती. इतकी उडालेली पट्टी मी आजवर बघितली नव्हती, मावशीवरही नाही. मग हॅट उलटी केली. खणातला तुकडा आणून आतल्या पट्टीशेजारी धरला, खिडकीचा पडदा सारून, उजेडात. दोन्ही निळे. कुठला कुठला ते मला सांगता येईना.

ताई केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मरायचंय का, असंही बोलले. एकोणीस दिवस खोटं बोललीस, बदलीवाल्यालाही सामील केलंस, मी इथे नळ दुरुस्त करून घेतेय!

"त्याचे गुडघे गेलेत," ती म्हणाली. "बाराची फेरी मी करते, सकाळ-संध्याकाळची तो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं गेले. चट्टा उठला असता तर त्याच संध्याकाळी तुला सांगितलं असतं. नाही उठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले."

"पण विचारायचंस तरी!"

"तीन वेळा विचारलं. दोन धागे, हवा खेळत नाही, पंधरा दिवस थांब. सात हॅट्स झाल्या, टाचणे. जगभराला पहिल्या फटक्यात बसते तुझी हॅट. माझीच का पुरी होत नाही?"

मी खाली बसले.

मग बोलले. चौदा महिन्यांपूर्वीचा तो दिवस. सकाळपासून ती म्हणत होती, तोंड भाजल्यासारखं होतंय, आज बाराला जाऊ नये वाटतं. मला दुकानात उशीर होत होता. मी म्हटलं होतं, "एवढ्याशा उन्हानं कुणी विरघळत नाही, नखरे पुरे." दोन तासांनी तिला लोकांनी पायऱ्यांवरून उचलून आणलं. एवढंच वाक्य, पण मी ते रोज ऐकते. आजवर तिला विचारलं नव्हतं की तिनं ते ऐकलं होतं का.

"ऐकलं होतं," ताई म्हणाली. "पण मी काय तू सांगितलंस म्हणून गेले? मी वीस वर्षं रोज बाराला जातच होते. तू सांगतेस म्हणून मी कधी काय केलंय?"

हे मात्र खरं आहे. लहानपणापासून एक गोष्ट ऐकली असेल तर शपथ.

मग ती माझ्या शेजारी खाली बसली. ओले केस माझ्या खांद्याला लागत होते. "तेव्हा जा म्हणालीस तेही तुझं, आता जाऊ नको म्हणतेस तेही तुझं. माझं काय ते मला ठरवू दे की."

मी रडले. तीही रडली थोडी, पण तिचं लवकर आटोपतं. मग म्हणाली, चहा टाक.

रविवार, १४ एप्रिल

सातवी हॅट दाखवली. जाळीच्या खिडक्या, सगळं. तिनं कौतुकानं फिरवून बघितली, आणि म्हणाली ही खिडकीत ठेव, तुझ्या मालकांना दे. मला तिसरीच.

"दोन धागे वर आहे."

"मला सवय झालीय."

मग तिसरीच घेऊन बसले. सुतळीचं बिरडं काढून कापडाचं दिलं, पडद्याची फीत काढून नीट पट्टा लावला. उजवी कड उसवायला कात्री उचलली होती. ठेवली. पांढरी झालेली पट्टी मात्र काढली आणि या पानाला चिकटवली, ही इथे. नवी निळी लावली.

"ती कशाला पुन्हा?" ताई म्हणाली.

"महिन्यानं बघायला. मला उत्सुकता आहे."

"लाव. पण बघायलाच हं. अडवायला नाही."

सोमवार, १५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा कागद कचेरीत दिला. त्यांनी तो ८ तारखेलाच लिहून दिला होता. साहेबांनी हॅटकडे बघून विचारलं, कुठून घेतली? ताई म्हणाली, घरची आहे.

मी दुकानातून तासाभराची सुट्टी काढली. "सोबत येऊ?" विचारलं. विचारलं, हे मुद्दाम लिहून ठेवते. ती म्हणाली, ये, पण वरच थांब.

वरच्या पायरीवर उभी राहिले. ती खाली उतरली, एक हात कठड्यावर, एका हातात वही. सगळ्या नदीवर ऊन पसरलं होतं, डोळे उघडवत नव्हते, आणि त्या उजेडात मोरपंखी हॅट एकेक पायरी खाली जात होती. वारा आला तेव्हा समोरून कड खरंच उलटली. तिनं न बघता एका बोटानं खाली केली. माझा हात इकडे उगाचच उचलला गेला होता. ॲप्रनच्या खिशात घातला.

शेवटच्या पायरीवर ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग पेन्सिल बिरड्यातून काढून लिहिलं, आणि वर बघून आकडा मोठ्यानं सांगितला, जणू मी कचेरीच आहे. एक मीटर बेचाळीस. मी म्हटलं, मांडलं.

वर आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता, सावलीत होता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

"टाचणे, तुझ्या डोक्यावर काय आहे?"

मी हात लावून बघितला. काही नव्हतं. अकरा हॅट्स शिवल्या मी या सहा आठवड्यांत आणि भर दुपारी बाराला नदीवर उघड्या डोक्यानं आले. आत्ता कपाळ चुरचुरतंय. ताई तिचं मलम घेऊन समोर उभी आहे आणि म्हणतेय, वही ठेव खाली आणि इकडे बघ.